रोबोटिक्स स्पर्धेतील दावेदार संघ आधी कसे ओळखावेत

ठाणे किंवा नवी मुंबईत फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो स्पर्धेची, म्हणजेच एफटीसीची, तयारी करणाऱ्या संघात रोबो बांधणारी मुले असतात, प्रोग्रॅम लिहिणारी असतात, रोबो चालवणारी असतात. मात्र समोरचे संघ किती पाण्यात आहेत हे पद्धतशीरपणे तपासणारे मूल बहुधा एकही नसते. हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री घाईघाईने उरकले जाते आणि ज्या संघाचा एखाद्या सामन्यातील आकडा सर्वांत मोठा, तोच विजेतेपदाचा दावेदार असे गृहीत धरले जाते. याची किंमत बाद फेरीसाठी अलायन्स, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या दोन संघांची जोडी, निवडताना मोजावी लागते. त्या वेळी कर्णधार मैदानात उभा असतो, सगळे त्याच्याकडे पाहत असतात, आणि सोबतचा संघ कोणता हे त्याला तिथल्या तिथे सांगायचे असते. हातात आधी विचार करून बनवलेली यादी नसेल, तर तो ओळखीच्या संघाचे नाव घेतो.

या लेखात ती यादी बनवण्याची पद्धत क्रमाने दिली आहे. तिच्यामागचा विचार एकच आहे आणि तो सुरुवातीलाच सांगतो: संघाचा सर्वोच्च स्कोअर हा त्याच्या ताकदीचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. काही बिनसले त्या दिवशी तो संघ कुठवर घसरतो आणि जोडीदाराबरोबर त्याचे किती जमते, या दोन गोष्टींवरून दावेदार ठरतो. उदाहरणे एफटीसीची घेतली आहेत, कारण शाळकरी मुलांसाठी हा प्रकार आपल्याकडे परिचित आहे आणि त्याच्या भारतातील स्पर्धेतून पुढे ह्यूस्टनच्या जागतिक स्पर्धेपर्यंत जाता येते. व्हेक्स या दुसऱ्या रोबो स्पर्धेतही दोन-दोन संघांच्या अलायन्स असतात, त्यामुळे ही पद्धत थोड्या फरकाने तिथेही वापरता येईल.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

'कोण जिंकेल' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पात्रता सामन्यांनंतर क्रमवारीत वर कोण असेल, हा पहिला. अंतिम सामन्यापर्यंत कोण पोहोचेल, हा दुसरा. पुढच्या पातळीवर कोण जाईल, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे पुष्कळदा निराळी येतात. पात्रता सामन्यांत प्रत्येक वेळी सोबतचा संघ चिठ्ठीने ठरतो, त्यामुळे क्रमवारीत नशिबाचा वाटा मोठा असतो. पाच-सहा सामन्यांत एखाद्याला सगळे जोडीदार तगडे मिळतात, तर एखाद्याला दोनदा बंद पडलेला रोबो सोबत घेऊन खेळावे लागते. बाद फेरीत जोडीदार निवडून घेतलेला असतो, म्हणून तिथे खरी ताकद अधिक स्पष्ट दिसते. तिसऱ्या प्रश्नात तर मैदानाबाहेरच्या गोष्टीही येतात, कारण परीक्षकांनी दिलेल्या इन्स्पायर पुरस्कारासारख्या पुरस्कारांमुळेही संघ पुढे जातात आणि त्यासाठी इंजिनिअरिंग पोर्टफोलिओ, मुलाखत आणि समाजातील काम पाहिले जाते. ज्या संघाचा रोबो मध्यम आहे पण ज्याची मुले आपल्या प्रत्येक निर्णयामागचे कारण सांगू शकतात, तो संघ 'पुढे जाणाऱ्यांच्या' यादीत हवा आणि 'अंतिम सामना खेळणाऱ्यांच्या' यादीत नको.

म्हणून सुरुवातीलाच कागदावर तीन रकाने आखून घ्यावेत. पुढचा बहुतेक लेख दुसऱ्या रकान्याविषयी आहे.

दुसरी पायरी: यंदाच्या खेळात गुण कुठे आहेत ते शोधा

एफटीसीचा खेळ दरवर्षी बदलतो आणि सप्टेंबरमध्ये जाहीर होतो. सामना मात्र त्याच साच्यात असतो: सुरुवातीची ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि नंतरची २ मिनिटे मुले तो चालवतात. गुण कशात साठलेले आहेत हे नियमपुस्तिकेतून स्वतः काढल्याशिवाय कोणताही व्हिडिओ पाहण्यात अर्थ नाही, कारण डोळे नेहमी दिखाऊ यंत्रणेकडे वळतात.

२०२४-२५ च्या 'इन्टू द डीप' या खेळाचे उदाहरण घेऊ. वरच्या बास्केटमध्ये टाकलेल्या प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे रंगीत ठोकळ्याला, ८ गुण होते, खालच्या बास्केटला ४. स्पेसिमेन, म्हणजे क्लिप लावलेले सॅम्पल, वरच्या दांडीवर लटकवले तर १० गुण, खालच्या दांडीवर ६. शेवटी वर चढण्याला पातळीनुसार ३, १५ किंवा ३० गुण होते. शिवाय ऑटोनॉमस (थोडक्यात 'ऑटो') टप्प्यात केलेले काम सामन्याच्या शेवटी पुन्हा मोजले जाई, म्हणजे सुरुवातीच्या ३० सेकंदांत वरच्या बास्केटमध्ये टाकलेले एक सॅम्पल प्रत्यक्षात १६ गुणांचे होते. चार सॅम्पल टाकणारा ऑटो संघाला ६४ गुण मिळवून देत असे. त्या हंगामात संघ आपल्या ऑटोची ओळख '०+४' किंवा '५+०' अशी सांगत. पहिला आकडा स्पेसिमेनचा, दुसरा सॅम्पलचा.

आता चालकाच्या २ मिनिटांचा हिशेब मांडा. चढण्यासाठी १५ सेकंद राखली तर १०५ सेकंद उरतात. एक फेरी, म्हणजे सॅम्पल उचलण्यापासून टाकून परत येईपर्यंतचा वेळ, ७ सेकंदांची असेल तर १५ सॅम्पल होतात आणि १२० गुण मिळतात. फेरी १० सेकंदांची असेल तर १० सॅम्पल, म्हणजे ८० गुण. तीन सेकंदांचा फरक ४० गुणांचा ठरतो आणि तो सर्वोच्च पातळीवर चढण्याच्या ३० गुणांहूनही मोठा आहे. प्रेक्षक टाळ्या चढण्याला देत होते. सामने बहुतांशी फेरीच्या वेळेवर आणि ऑटोवर ठरत होते. प्रत्येक नव्या खेळासाठी असा हिशेब एका पानावर मांडावा आणि त्यातून तीनच गोष्टी निवडाव्यात, ज्यांच्यात फरक पडला की निकाल बदलतो. पुढची सगळी निरीक्षणे या तीन गोष्टींपुरती ठेवावीत.

क्रमवारीचे नियमही याच वेळी वाचून घ्यावेत. २०२५-२६ पासून विजयाखेरीज ठरावीक कामगिरीसाठीही क्रमवारीचे गुण मिळू लागले आहेत, त्यामुळे एखादा सामना हरलेला संघही वर राहू शकतो आणि पहिल्या रकान्याचे गणित बदलते.

तिसरी पायरी: निकाल गोळा करा

फर्स्टच्या अधिकृत निकालांत प्रत्येक सामन्याचा तपशील मिळतो, आणि 'एफटीसी स्काऊट' व 'द ऑरेंज अलायन्स' या ठिकाणी तोच तपशील संघवार लावलेला सापडतो. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये प्रत्येक अलायन्ससाठी एक ओळ ठेवावी: तारीख, स्पर्धा, दोन संघ, ऑटोचे गुण, चालकाचे गुण, शेवटच्या टप्प्याचे गुण आणि दंडगुण. दंडगुण नेहमी वेगळ्या रकान्यात ठेवावेत, कारण ते प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे मिळतात; ३० गुण दंडातून मिळालेल्या संघाने त्या सामन्यात आपले काहीही सिद्ध केलेले नसते.

तारखेला विशेष महत्त्व आहे. डिसेंबरमधला १०० चा स्कोअर आणि मार्चमधला १०० चा स्कोअर एका मापाने मोजता येत नाहीत. हंगाम पुढे सरकतो तसे सगळेच संघ सुधारतात, म्हणून उशिरा खेळलेला संघ कागदावर उगाच मोठा दिसतो आणि लवकर खेळलेला लहान. डिसेंबरात खेळून नंतर एकही स्पर्धा न खेळलेल्या संघापुढे प्रश्नचिन्ह लावून ठेवावे. त्याला यादीतून काढून टाकू नये.

चौथी पायरी: संघाचा वाटा वेगळा काढा

फलकावर दिसतो तो दोन संघांचा मिळून स्कोअर. त्यातून एकेकाचा वाटा काढण्यासाठी ओपीआर नावाचे माप वापरतात. त्याचे गणित नववी-दहावीच्या मुलांना समजेल इतके सरळ आहे, म्हणून ते तयार आकडा उतरवून न घेता एकदा हाताने करून पाहावे.

समजा अ, ब, क आणि ड असे चार संघ आहेत. अ आणि ब यांनी मिळून ११० गुण केले, अ आणि क यांनी ९०, ब आणि क यांनी ८०. ही तीन समीकरणे सोडवली की अ चा वाटा ६०, ब चा ५० आणि क चा ३० येतो. आता आणखी दोन सामने झाले: अ आणि ड यांनी ७० केले, ब आणि ड यांनी ८०. पहिल्या निकालावरून ड चा वाटा १० निघतो, दुसऱ्यावरून ३०. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, म्हणून सगळ्या सामन्यांतील चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल असे आकडे शोधायचे. ते येतात असे: अ ५५, ब ५५, क ३०, ड २०. म्हणजे ज्याला तीन सामन्यांनंतर आपण सर्वांत बलवान समजत होतो, तो अ संघ आता ब च्या बरोबरीला आला, आणि त्यासाठी अ आणि ब यांना एकमेकांविरुद्ध खेळावेही लागले नाही.

शीटमध्ये हे करण्यासाठी प्रत्येक संघाला एक रकाना द्यावा, त्या ओळीत तो संघ खेळला असेल तर १ आणि नसेल तर ० लिहावे, शेवटच्या रकान्यात दंडगुण वगळून केलेला स्कोअर ठेवावा आणि 'लिनेस्ट' हे सूत्र स्थिरांक शून्य धरून चालवावे. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: हे सूत्र उत्तरे उलट्या क्रमाने देते, शेवटच्या रकान्याचे उत्तर आधी येते. नावे आणि आकडे यांची अदलाबदल इथेच होते, म्हणून वरचे चार संघांचे उदाहरण आधी घालून ५५, ५५, ३० आणि २० हेच उत्तर योग्य संघांपुढे येते का ते पाहावे.

ओपीआरवर किती विसंबावे, हेही ठरवायला हवे. ३२ संघांच्या स्पर्धेत प्रत्येकाचे ६ सामने झाले तर एकूण ४८ सामने होतात आणि ३२ अज्ञातांसाठी ९६ समीकरणे मिळतात. हे पुरेसे आहे, पण ऐसपैस नाही. पहिल्या दिवशी दुपारी, प्रत्येकाचे दोन-तीनच सामने झालेले असताना निघालेला ओपीआर म्हणजे केवळ कुतूहल भागवणे. मी चार सामन्यांपूर्वीचा आकडा कर्णधाराच्या हातात देत नाही. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ओपीआर असे मानतो की दोन संघांचे गुण सरळ बेरजेने वाढतात. प्रत्यक्षात दोन्ही रोबो एकाच बास्केटकडे धावत असतील तर एकाला थांबावे लागते आणि बेरीज घटते. म्हणूनच नेहमी बलवान जोडीदार मिळालेल्या संघाचा ओपीआर कधीकधी त्याच्या लायकीपेक्षा कमी दिसतो. ही त्रुटी आकड्यांनी भरून निघत नाही, त्यासाठी सामना डोळ्यांनी पाहावा लागतो.

पाचवी पायरी: घड्याळ लावून सामने पाहा

यादीतील वरच्या दहा-बारा संघांचे प्रत्येकी किमान तीन सामने पाहावेत आणि त्यांतला एक तरी ते हरलेले असावा. एका वेळी एकच रोबो पाहायचा, बाकीचे मैदान विसरायचे. फोनमधले स्टॉपवॉच सुरू करून प्रत्येक फेरीचा वेळ लिहायचा. त्यात काय सापडते, ते एका उदाहरणातून पाहू.

एका संघाच्या सलग सहा फेऱ्या सेकंदांत अशा आहेत: ६, ६, ७, ६, १९, ६. दुसऱ्याच्या अशा: ८, ८, ९, ८, ८, ९. दोन्हींची बेरीज ५०, दोन्हींची सरासरी ८.३. निकालाच्या तक्त्यात हे दोन संघ जुळे दिसतील, पण प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिल्याचा रोबो वेगवान आहे आणि एका फेरीत काहीतरी अडकले. आता व्हिडिओ मागे नेऊन त्या १९ सेकंदांत काय घडले ते पाहायचे. सॅम्पल तिरके पकडले गेले आणि चालकाने ते तीनदा टाकून उचलले, असे असेल तर तो सरावाचा प्रश्न आहे आणि दोन आठवड्यांत सुटू शकतो. पण वर जाणारी सरकपट्टी अर्ध्यात थांबली, दोरी सैल पडली आणि रोबोला हलवून ती मोकळी करावी लागली, असे दिसले तर तो बांधणीचा दोष आहे आणि दहाव्या फेरीत पुन्हा डोके वर काढील. पहिल्या प्रकारातला संघ मी दावेदारांत वर नेतो. दुसऱ्या प्रकारात दर फेरीला ८ सेकंद घेणारा शांत संघ मला अधिक मोलाचा वाटतो, मग त्याचा एकही सामना कुणाच्या लक्षात राहिलेला नसला तरी.

याच निरीक्षणातून 'खालची पातळी' काढावी. संघाच्या सहा सामन्यांतील स्वतःचे गुण लहानापासून मोठ्यापर्यंत लावावेत आणि सुरुवातीपासून दुसरा आकडा घ्यावा. सर्वांत कमी आकडा सोडायचा, कारण एखादा अपघात कुणाच्याही वाट्याला येतो: संपर्क तुटतो, केबल सुटते, बॅटरीची पिन ढिली राहते. पण तसाच अपघात दोनदा झाला असेल तर तो अपघात राहत नाही. मैदानावरील फोमच्या फरशांवर फिरताना रोबोत स्थिर विद्युतभार साठतो आणि त्याच्या झटक्याने कंट्रोल हब, म्हणजे रोबो चालवणारा त्यावरचा संगणक, बंद पडतो, हे एफटीसीतील जुने दुखणे आहे. काही संघ तारांची मांडणी आणि धातूच्या उघड्या कडांचे आवरण नीट करून ते टाळतात, काही संघ हंगामभर 'आज पुन्हा डिस्कनेक्ट झालो' म्हणत राहतात. असा संघ सर्वोच्च स्कोअरच्या यादीत पहिल्या तिनांत असला तरी माझ्या यादीत खाली जातो.

ऑटोकडे पाहताना किती गुण झाले यापेक्षा किती वेळा झाले हे नोंदवावे. सहांपैकी सहा वेळा ६४ गुण देणारा ऑटो हा सहांपैकी तीन वेळा ९६ देणाऱ्या ऑटोहून चांगला आहे, आणि जोडीदारासाठी तर फारच चांगला, कारण चुकलेला ऑटो अनेकदा सोबतच्या रोबोलाच जाऊन धडकतो.

चालकाकडेही लक्ष द्यावे, मात्र मुलांची नावे, चेहरे किंवा शेरे वहीत लिहू नयेत. 'सामन्याच्या शेवटी घाई होते', 'अडथळा आला की मार्ग बदलतात' एवढेच लिहावे. ही वही आपल्याच संघातील चौदा-पंधरा वर्षांची मुले वाचणार असतात आणि दुसऱ्या संघातील त्यांच्याच वयाच्या मुलांविषयी त्यांनी कसे लिहावे, हे आपण मोठ्यांनी दाखवायचे असते.

सहावी पायरी: मैदानाबाहेरची स्थिती तपासा

ही पायरी परदेशी आकडेवारीत सापडणार नाही, पण आपल्या भागातील संघांचा अंदाज हिच्याशिवाय अपुरा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. ज्या संघाचा मुख्य चालक आणि मुख्य प्रोग्रॅमर दोघेही दहावीत आहेत, त्या संघाची सुधारणा जानेवारीत थबकते, आणि एप्रिलमध्ये ह्यूस्टनला जायचे असेल तर त्यांच्या हाती सरावाचे जेमतेम काही आठवडे उरतात. याउलट आठवी-नववीच्या मुलांचा संघ नोव्हेंबरात कच्चा दिसला तरी मार्चपर्यंत पुष्कळ पुढे गेलेला असतो. अकरावीतल्या मुलांना महाविद्यालय आणि प्रवेश परीक्षेचे क्लास सांभाळून संध्याकाळी सातनंतर घोडबंदर रोडवरून किंवा ऐरोलीहून सरावाच्या जागी पोहोचायचे असते. अशा संघाचा प्रत्यक्ष सराव शनिवार-रविवारीच होतो. हे सगळे गुपित नसते. मैत्रीच्या सराव सामन्यात गप्पा मारताना मुले आपण होऊन सांगतात.

सुटे भाग मिळण्याचा वेगही पाहावा. स्पर्धेत लागणाऱ्या मोटर, सर्व्हो आणि सरकपट्ट्या बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात आणि त्यांना आठवडे लागतात. पण ॲल्युमिनिअमची पट्टी किंवा प्लेट कापून, भोके पाडून घ्यायची असेल, तर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत लेझर कटिंगवाला ओळखीचा असलेला संघ एक-दोन दिवसांत नवा भाग बसवून मैदानात उतरतो. किरकोळ इलेक्ट्रॉनिक सामानासाठी लॅमिंग्टन रोड आहेच. दोन स्पर्धांच्या दरम्यान रोबो किती बदलला, हे छायाचित्रांवरून ताडून पाहावे. पकडण्याची यंत्रणा बदलली आणि फेरीचा वेळही घटला, तर तो संघ शिकतो आहे. यंत्रणा तीनदा बदलली आणि वेळ तोच राहिला, तर तो संघ चाचपडतो आहे.

जागतिक स्पर्धेचा अंदाज बांधताना प्रवासही जमेस धरावा. रोबो उघडून बॅगांत भरावा लागतो आणि तिकडे पुन्हा जोडावा लागतो. व्हिसा वेळेवर न मिळाल्यास सरावलेला चालक इथेच राहतो आणि राखीव मुलाला रोबो चालवावा लागतो. ज्या संघाने हंगामभर दोन चालक-जोड्या आलटून-पालटून खेळवल्या आहेत, त्याला मी दोन पावले पुढे ठेवतो.

संघाचा क्रमांक लहान, म्हणजे संघ जुना, म्हणून तो तगडा, असा समज आहे. जुन्या संघाकडे साहित्य, जुने प्रोग्रॅम आणि माजी विद्यार्थी असतात हे खरे. पण मुले बारावी झाली की निघून जातात आणि क्रमांक तेवढा मागे राहतो. मागच्या हंगामाच्या कामगिरीला हंगामाच्या सुरुवातीला वजन द्यावे, आणि यंदाचे दहा सामने पाहून झाल्यावर ते जवळजवळ काढून टाकावे.

सातवी पायरी: जोड्या लावून पाहा

अलायन्स निवडताना पहिल्या क्रमांकाचा कर्णधार दुसऱ्या क्रमांकाच्या संघालाही बोलावू शकतो, आणि नकार दिलेल्या संघाला पुन्हा दुसरे कुणी निवडू शकत नाही. त्यामुळे वरचे दोन बलवान संघ एकत्र येण्याचा संभव नेहमीच असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे चांगले संघ एका झटक्यात मागे पडतात. एकट्या संघाचा अंदाज म्हणूनच अर्धा असतो. वरच्या आठ संघांच्या सगळ्या संभाव्य जोड्या मांडून पाहाव्या लागतात. आठ संघांच्या २८ जोड्या होतात, ते काम तासाभरात उरकते.

जोडी जुळते का, हे तीन प्रश्नांवरून कळते. दोघांचे ऑटोचे मार्ग एकमेकांना छेदतात का? दोघे एकाच ठिकाणी गुण करतात का? दोघांना एकच वस्तू लागते का? 'इन्टू द डीप'मध्ये स्पेसिमेन आपल्याच रंगाच्या सॅम्पलपासून बनवावे लागत आणि पिवळी सॅम्पल दोन्ही बाजूंना खुली होती. बास्केटमध्ये तरबेज असलेला एक आणि स्पेसिमेनमध्ये तरबेज असलेला दुसरा, अशी जोडी एकमेकांच्या वाटेत न येता खेळे. दोन उत्कृष्ट बास्केटवाले एकत्र आले की कोपऱ्यात गर्दी होई. जोडीचा अंदाजित स्कोअर काढताना दोन ओपीआरची बेरीज करावी आणि काम एकच असेल तर त्यातून काही भाग वजा करावा. किती वजा करायचा, हे अशा जोड्यांचे झालेले सामने पाहून ठरवावे; त्यासाठी तयार सूत्र शोधू नये.

आठवी पायरी: अंदाज टक्क्यांत मांडा

समजा एका अलायन्सचा अंदाजित स्कोअर १८० आहे, दुसरीचा १६५, आणि दोन्हींचे स्कोअर सरासरीपासून साधारण २५ गुणांनी वरखाली होतात. फरक १५ गुणांचा आहे, पण त्या फरकाचा स्वतःचा चढउतार सुमारे ३५ गुणांचा येतो. २५ च्या वर्गाची दुप्पट करून वर्गमूळ घेतले की तो मिळतो. या हिशेबाने पहिली अलायन्स जिंकण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के आहे. म्हणजे तीन सामन्यांतला एक ती हरणार. आणि प्रत्येक सामन्यात ६६ टक्के शक्यता असलेली अलायन्स सलग तीन सामने जिंकण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपासच राहते. बाद फेरी दुहेरी बाद पद्धतीने होत असेल तर एक पराभव पचतो आणि बलवान अलायन्सची शक्यता वाढते, तरीही 'हाच संघ जिंकणार' असे म्हणण्याइतकी ती क्वचितच वाढते.

हे हाताने करत बसण्यापेक्षा शीटमध्ये प्रत्येक अलायन्सची सरासरी आणि चढउतार लिहून 'नॉर्म.इन्व्ह' आणि 'रँड' या सूत्रांनी हजार काल्पनिक स्पर्धा खेळवाव्यात आणि कोणती अलायन्स किती वेळा अंतिम सामन्यात पोहोचली ते मोजावे. दहावीतल्या मुलीला हे एका दुपारी शिकवता येते. यातच 'खालच्या पातळी'चे महत्त्वही आकड्यांत दिसते: सरासरी तीच ठेवून चढउतार २५ वरून १५ वर आणला की वरचढ अलायन्सची शक्यता वाढते, आणि कमकुवत अलायन्सचा चढउतार वाढवला की तिलाही संधी मिळू लागते. कर्णधारासाठी यात थेट सूचना आहे. आपण वरचढ असू तर जोडीदार भरवशाचा हवा, आणि आपण मागे असू तर कधीकधी फार मोठा स्कोअर करणारा, बेभरवशाचा जोडीदारही घेण्याजोगा असतो.

नववी पायरी: लिहून ठेवा आणि तपासा

पहिल्या सामन्याआधी अंदाजांची एक प्रत तारीख टाकून बाजूला ठेवावी. तिच्यात नंतर काहीही बदलू नये. पहिल्या दिवसाचे सामने संपले की दुसरी प्रत काढून तिच्यात ओपीआर, फेरीचे वेळ आणि नव्याने दिसलेले बिघाड भरावेत. त्याच रात्री कर्णधाराला एका पानाची यादी द्यावी: पसंतीच्या क्रमाने सहा ते आठ संघ, प्रत्येकापुढे एक वाक्य, आणि खाली ज्यांना कोणत्याही स्थितीत घेऊ नये असे दोन-तीन संघ, कारणासह. दुसऱ्या दिवशी सकाळी पिटमध्ये, म्हणजे संघ आपापले रोबो ठेवतात त्या जागी, जाऊन त्यातील पहिल्या तीन संघांशी बोलून घ्यावे आणि ऑटोचे मार्ग जुळतात का ते विचारावे.

स्पर्धेनंतर प्रत्येक अंदाजाची तपासणी ब्रायर स्कोअरने करावी. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी मांडलेली ही रीत आहे. आपण ७० टक्के म्हटले आणि ते घडले, तर ०.३ चा वर्ग म्हणजे ०.०९, घडले नाही तर ०.७ चा वर्ग म्हणजे ०.४९. सगळ्या अंदाजांची सरासरी काढावी, ती जितकी कमी तितके चांगले. प्रत्येक सामन्याला डोळे झाकून ५० टक्के म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, म्हणून त्याच्या खाली राहणे ही किमान अट. सोबत आणखी एक रकाना ठेवावा, ज्यात निव्वळ ओपीआरवरून काढलेल्या अंदाजाची सरासरी असेल. घड्याळ लावून पाहिलेले सामने, मैदानाबाहेरची माहिती आणि जोड्यांचे हिशेब या सगळ्यांनी मिळून त्या रकान्यापेक्षा आकडा खाली आणला नसेल, तर कोणत्या नोंदीने अंदाज बिघडवला ते एकेक रकाना काढून शोधावे आणि पुढच्या हंगामाच्या वहीत तो रकाना आखू नये.